पोलिश वैमानिकांना मिळालेली ब्रिटिश शौर्यपदकं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनच्या पश्चिमेला राहायचो तेव्हा रोज ए-४० रस्त्यानं जाताना "पोलिश वॉर मेमोरियल" अशी पाटी दिसायची. तिथल्या लोकांना ते फक्त एका वळणाचं नाव वाटतं, मलाही तसंच वाटायचं, एका रविवारी गाडी लावून आत गेलो आणि दगडावर कोरलेली नावं वाचत दोन तास उभा राहिलो. माझं आजोळ कोल्हापूरचं, वळिवड्याच्या पोलिश छावणीबद्दल आजीकडून लहानपणी ऐकलेलं होतं, पण हे वैमानिक कोण ते तेव्हा माहीत नव्हतं. नंतर वाचत गेलो, पदकं बघत गेलो, आणि आता ओळखीतले लोक जे प्रश्न परत परत विचारतात त्यांची उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय.

हे पोलिश लोक ब्रिटनच्या एअर फोर्समध्ये आले कसे?

१ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला, १७ तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत सैन्य घुसलं. वैमानिक आणि मेकॅनिक रोमानिया, हंगेरीमार्गे निसटले, बरेचसे फ्रान्समध्ये जाऊन तिथून लढले, आणि जून १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर ब्रिटनला पोचले. म्हणजे ब्रिटनच्या लढाईत (१९४० मधली ब्रिटनवरची हवाई लढाई) उतरले तेव्हा यातल्या कित्येकांची ही तिसरी लढाई होती, आणि हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचं काहीच नीट कळत नाही. सुरुवातीला आलेल्यांना आरएएफच्या (रॉयल एअर फोर्स, म्हणजे ब्रिटनचं हवाई दल) राखीव दलात घेतलं आणि ब्रिटिश राजाच्या नावानं शपथ घ्यायला लावली, ते त्यांना साहजिकच खटकलं. ऑगस्ट १९४० च्या करारानं पोलिश एअर फोर्स हे मित्रदेशाचं स्वतंत्र दल झालं, फक्त लढाईतले हुकूम आरएएफचे.

कुठली कुठली ब्रिटिश पदकं मिळायची?

मुख्य तीन लक्षात ठेवा, डीएसओ, डीएफसी आणि डीएफएम.

डीएसओ म्हणजे डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर, १८८६ पासूनची, पांढऱ्या मिन्याचा क्रॉस, लाल रिबन आणि तिला निळ्या कडा. ही तेव्हा अधिकाऱ्यांसाठी, आणि बहुतेक वेळा स्क्वाड्रन (विमानांची तुकडी) किंवा विंग (अशा काही स्क्वाड्रन मिळून) चालवणाऱ्यांना मिळायची. डीएफसी म्हणजे डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस, ती तेव्हा अधिकारी आणि वॉरंट ऑफिसर यांच्यासाठी, शत्रूविरुद्ध उडताना दाखवलेल्या शौर्याबद्दल, चांदीचा क्रॉस, पांढऱ्या-जांभळ्या तिरप्या पट्ट्यांची रिबन. डीएफएम म्हणजे डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग मेडल, तशाच कामगिरीसाठी पण सार्जंट वगैरे बिनकमिशनच्या लोकांना, चांदीचं लंबगोल मेडल, रिबनचे पट्टे तसेच पण बारीक. डीएफसी आणि डीएफएम दोन्ही जून १९१८ मध्ये एकाच दिवशी सुरू झाली.

याशिवाय शत्रूसमोर नसताना केलेल्या उड्डाणासाठी एअर फोर्स क्रॉस आणि एअर फोर्स मेडल होतं (रिबन लाल-पांढरी), आणि १९४२ पासून डीएफएमच्या वरच्या पायरीवर कॉन्स्पिक्युअस गॅलन्ट्री मेडल आलं, तेही बिनकमिशनच्या लोकांसाठी.

अंदाज यावा म्हणून सांगायचं तर डीएफसीची जागा साधारण आपल्या वीरचक्राच्या आसपास धरा.

म्हणजे एकच पराक्रम, पण हुद्दा वेगळा म्हणून पदक वेगळं?

हो. आणि मला विचाराल तर या सगळ्या विषयात मनाला सर्वात लागणारी गोष्ट हीच आहे.

आंतोनी ग्वोवात्स्कीचं उदाहरण घ्या. २४ ऑगस्ट १९४० ला ५०१ स्क्वाड्रनमधून उडताना त्यानं एका दिवसात पाच जर्मन विमानं पाडल्याची नोंद झाली, एका दिवसात पाच! तो सार्जंट होता म्हणून डीएफएम. पुढे अधिकारी झाल्यावर त्याला डीएफसीसुद्धा मिळालं, त्यामुळे त्याच्या छातीवर दोन्ही रिबनी शेजारी शेजारी, आणि त्या दोन रिबनींवरून त्याची नोकरी कशी चढत गेली ते सरळ वाचता येतं.

दुसऱ्या महायुद्धात एकूण २० हजारांहून जास्त डीएफसी दिली गेली आणि डीएफएम साधारण ६,६००. आता बॉम्बर विमानातली निम्म्याहून जास्त माणसं पुष्कळदा सार्जंटच असायची, तरी आकडे असे. डीएफएम कमी दिलं गेलं म्हणून आज संग्राहकांत त्याला जास्त मान आहे, पण त्या काळात सार्जंटला मिळणारं पदक खालचंच मानायचे. १९९३ साली ब्रिटननं हा भेद काढून टाकला, डीएफएम बंद केलं आणि डीएफसी सगळ्या हुद्द्यांना खुलं केलं. चांगलंच झालं, फक्त पन्नास वर्षं उशिरा.

पोलिश लोकांची पदकं "ऑनररी" होती असं वाचलं, म्हणजे खरी नव्हती का?

खरी होती, तेच मेडल, तीच चांदी, तीच रिबन. ऑनररी एवढ्याचसाठी की माणूस ब्रिटिश राजाचा प्रजाजन नव्हता, परदेशी नागरिक होता. याचा एक परिणाम मात्र आजही त्रास देतो. ब्रिटिश आणि कॉमनवेल्थ लोकांची पदकं लंडन गॅझेटमध्ये (ब्रिटनचं सरकारी राजपत्र) छापून यायची, परदेशी लोकांची साधारणपणे नाही. त्यामुळे कोणी गॅझेटमध्ये नाव शोधतं, सापडत नाही, आणि म्हणतं की याला पदक मिळालंच नव्हतं. असं म्हणून कोणाच्या आजोबांना खोटं ठरवू नका प्लीज.

आपले भारतीय वैमानिक तेव्हा साम्राज्याच्या दलात होते म्हणून त्यांची पदकं ऑनररी नव्हती. अर्जन सिंग यांना १९४४ मध्ये इम्फाळच्या लढाईसाठी डीएफसी मिळालं, मेहर सिंग यांना डीएसओ मिळाली, ती रांग वेगळी.

एखाद्या पोलिश वैमानिकाला व्हिक्टोरिया क्रॉस (व्हीसी, ब्रिटनचा सर्वोच्च शौर्यसन्मान) मिळाला का?

नाही, एकालाही नाही.

लोक गोंधळतात ते अँड्र्यू मायनार्स्कीमुळे. त्याचे आईवडील पोलंडहून आलेले, पण तो कॅनडात विनिपेगला जन्मला आणि कॅनडाच्या एअर फोर्समध्ये होता. जून १९४४ मध्ये फ्रान्सवर त्याच्या लँकास्टर बॉम्बरला आग लागली, मागचा गनर अडकलेला होता, हा त्याला सोडवायला आगीतून गेला, कपडे आणि पॅराशूट पेटलं तरी प्रयत्न करत राहिला, शेवटी त्या गनरनंच त्याला हातानं "जा" अशी खूण केली. मायनार्स्की भाजून मेला आणि तो गनर विमान कोसळूनही वाचला, म्हणूनच ही हकीकत जगाला कळली. १९४६ मध्ये मायनार्स्कीला मरणोत्तर व्हीसी जाहीर झाला. पण तो कॅनडाचा माणूस म्हणूनच मोजायचा.

३०३ स्क्वाड्रनचं एवढं नाव का?

कारण उशिरा उतरूनही त्यांनी धुमाकूळ घातला. लंडनच्या पश्चिमेच्या नॉर्थोल्ट तळावर हे पोलिश फायटर स्क्वाड्रन ऑगस्ट १९४० मध्ये उभं राहिलं, नाव कोश्चुश्को स्क्वाड्रन, विमानं हरिकेन. ब्रिटिशांना यांच्या इंग्रजीवर आणि शिस्तीवर भरवसा नव्हता, म्हणून ट्रेनिंगच चालू ठेवलं होतं. ३० ऑगस्टला सराव चालू असताना लुडविक पाश्किएविचला जर्मन विमानं दिसली, त्यानं रांग सोडली आणि एक पाडलं. रांग सोडल्याबद्दल बोलणी खाल्ली, पाडल्याबद्दल शाबासकी मिळाली, आणि दुसऱ्या दिवसापासून आख्खं स्क्वाड्रन लढाईत. पुढच्या सहाएक आठवड्यांत त्यांनी १२६ विमानांचा दावा केला. नंतरच्या संशोधनात हा आकडा खाली आला, तसा तो त्या लढाईतल्या सगळ्याच स्क्वाड्रनचा आला, तरीही हरिकेन उडवणाऱ्यांत हे सगळ्यात वरच्यांपैकी राहतात. लढाईचा प्रमुख डाउडिंग ज्यानं आधी शंका घेतली होती, त्यानंच नंतर लिहिलं की पोलिश स्क्वाड्रन नसती तर निकाल हाच लागला असता असं म्हणायला आपण कचरू.

१५ डिसेंबर १९४० ला लेकनफील्डच्या तळावर एअर मार्शल शोल्टो डग्लसनं उर्बानोविच, झुम्बाख, फेरिच आणि हेन्नेबेर्ग या चौघांना डीएफसी लावलं. त्या दिवसाचा फोटो खूप ठिकाणी छापला जातो, चौघं थंडीत उभे, नवी पदकं छातीवर. फोटो बघताना हे माहीत असू द्या की चारच महिन्यांत, एप्रिल १९४१ मध्ये हेन्नेबेर्ग इंग्लिश चॅनेलमध्ये बेपत्ता झाला, आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये फेरिचचं स्पिटफायर नॉर्थोल्टवरच हवेत तुटलं. फेरिच पोलंडपासून डायरी लिहीत आला होता, सोबत्यांच्या मागे लागून प्रत्येकाला आपापली लढाई स्वतःच्या हातानं लिहायला लावायचा. ती वही पुढे स्क्वाड्रनची बखर झाली आणि आज लंडनच्या सिकोर्स्की संग्रहालयात आहे.

३०३ चा सगळ्यात मोठा हिरो फ्रान्तिशेक पोलिश होता ना?

चेक होता. योसेफ फ्रान्तिशेक, सार्जंट, सप्टेंबर १९४० च्या एका महिन्यात १७ विमानं. रांगेत राहून लढणं त्याला जमायचं नाही, एकटाच शिकारीला जायचा, शेवटी त्याला तशी मोकळीक दिली गेली. डीएफएम मिळालं, पोलिश पदकंही मिळाली. ८ ऑक्टोबर १९४० ला गस्तीवरून परत येताना त्याचं हरिकेन कोसळलं. तो पोलिश लोकांत राहिला, त्यांच्याच सोबत लढला, म्हणून पोलिश यादीत त्याचं नाव प्रेमानं घेतात, पण जन्मानं चेक हे लिहायला विसरू नका.

सगळ्यात जास्त ब्रिटिश पदकं कोणाला?

या प्रश्नावर पहिलं नाव स्तानिस्वाव स्काल्स्कीचं येतं. डीएसओ, आणि डीएफसी दोन बारांसह, म्हणजे तीनदा डीएफसी. पोलंडचा सगळ्यात यशस्वी फायटर पायलट. १९४३ मध्ये उत्तर आफ्रिकेत त्याच्या निवडक पोलिश वैमानिकांच्या तुकडीला "स्काल्स्कीची सर्कस" म्हणायचे, नंतर तो ६०१ या ब्रिटिश स्क्वाड्रनचाच प्रमुख झाला.

आणि मग काय झालं? १९४७ मध्ये तो मायदेशी परतला. १९४८ मध्ये कम्युनिस्ट सरकारनं त्याला ब्रिटिशांचा हेर ठरवून पकडलं, छळ केला, १९५० मध्ये फाशीची शिक्षा सुनावली, ती पुढे जन्मठेपेवर आली. १९५६ मध्ये सुटला. ज्या पदकांसाठी लंडनमध्ये लोक उठून उभे राहायचे, तीच पदकं वॉर्सात त्याच्याविरुद्ध पुरावा झाली. २००४ मध्ये वॉर्सात वारला.

दुसरं नाव येउगेन्युश होर्बाचेव्स्कीचं, डीएसओ आणि डीएफसी एका बारासह. त्याची एक गोष्ट मला कितीही वेळा वाचली तरी परत वाचाविशी वाटते. १२ जून १९४४, नॉर्मंडीत त्याचा एक सोबती तामोविच विमानासकट दलदलीत उतरला होता. होर्बाचेव्स्की जवळच्या अर्धवट तयार झालेल्या अमेरिकन धावपट्टीवर उतरला, चिखलातून जाऊन त्याला ओढून काढलं, आणि एका माणसाच्या मस्टँगमध्ये दोघं एकमेकांच्या अंगावर बसून इंग्लंडला परत आले. दोन महिन्यांनी, १८ ऑगस्टला, त्याच्या १२ मस्टँगनी फ्रान्सवर साठेक जर्मन विमानांना गाठलं, त्या झुंजीत त्यानं तीन पाडली आणि स्वतः परत आला नाही.

बॉम्बरवाल्यांबद्दल कोणी बोलत का नाही?

कारण फायटरची गोष्ट एका माणसाची असते आणि सांगायला सोपी असते. पण ३००, ३०१, ३०४, ३०५ ही पोलिश बॉम्बर स्क्वाड्रन सप्टेंबर १९४० पासून (३०० आणि ३०१ चा पहिला हल्ला बुलोनच्या बंदरातल्या जर्मन बार्जेसवर) हळूहळू कामाला लागली, आणि ३०० तर युद्ध संपेपर्यंत बॉम्बर कमांडमध्ये राहिलं, शेवटी लँकास्टरवर.

इथे पदकांचा एक गुंता आहे तो समजून घ्या. पोलिश पद्धतीत विमानाचा कमांडर पुष्कळदा पायलट नसून ऑब्झर्व्हर, म्हणजे नॅव्हिगेटर असायचा आणि तो अधिकारी असायचा, पायलट सार्जंट असला तरी चालायचं. ब्रिटिशांना हे विचित्र वाटायचं. म्हणून एकाच वेलिंग्टन बॉम्बरमधून एकाच रात्री परतलेल्या लोकांत मागे बसलेल्याला डीएफसी आणि विमान चालवणाऱ्याला डीएफएम असं चित्र दिसलं तर नोंद चुकली असं समजू नका.

दुसरं म्हणजे पदक दोन तऱ्हेनं मिळायचं. एखाद्या विशिष्ट कामगिरीसाठी लगेच दिलेलं ते "इमिजिएट", आणि पूर्ण टूर, म्हणजे साधारण तीस मोहिमा, टिकून पार पाडल्याबद्दल दिलेलं ते दुसरं. बॉम्बरवाल्यांची बरीच पदकं या दुसऱ्या प्रकारातली. काही जण म्हणतात की ती "नुसती टूर केली म्हणून" मिळालेली. तीस वेळा रात्री जर्मनीवर जाऊन परत येणं याला नुसतं म्हणायचं असेल तर मग बोलणंच खुंटलं.

मेलेल्या वैमानिकाला डीएफसी मिळायचं का?

नियमानं नाही. तेव्हा मरणोत्तर फक्त व्हिक्टोरिया क्रॉससारखे मोजके सन्मान किंवा मग "मेन्शन इन डिस्पॅचेस" (अधिकृत अहवालात नावाचा गौरवानं उल्लेख) एवढंच. डीएफसी मरणोत्तर द्यायची सोय १९७९ मध्ये झाली. पण शिफारस जिवंतपणी गेली असेल तर पदक नंतर जाहीर होऊ शकायचं, म्हणून पाश्किएविच २७ सप्टेंबर १९४० ला पडला तरी त्याच्या नावापुढे डीएफसी आहे. उलट जो पहिल्याच मोठ्या पराक्रमात गेला त्याच्या नावापुढे ब्रिटिश पदक बहुतेक दिसणार नाही, त्यावरून त्याचं मोल ठरवू नका.

बार, क्लास्प, स्टार हे काय असतं?

तेच पदक दुसऱ्यांदा मिळालं की नवं मेडल देत नाहीत, रिबनवर एक चांदीची पट्टी येते, तो बार. स्टार ही शौर्यपदकं नाहीत, त्या त्या मोहिमेत होता म्हणून मिळतात, जसं १९३९-४५ स्टार, एअर क्रू युरोप स्टार, इटली स्टार. स्टारच्या रिबनवर लावायची पट्टी म्हणजे क्लास्प, यातला एकच खास आहे, "बॅटल ऑफ ब्रिटन", १० जुलै ते ३१ ऑक्टोबर १९४० मध्ये ठरलेल्या फायटर स्क्वाड्रनमधून निदान एक लढाऊ उड्डाण केलेल्यांनाच. असे पोलिश वैमानिक १४५.

विर्तुती मिलितारी मोठं की डीएफसी?

पोलिश माणसाला विचाराल तर विर्तुती मिलितारी, प्रश्नच नाही. १७९२ पासूनचा त्यांचा सर्वोच्च लष्करी सन्मान. पोलिश वैमानिक आपली पदकं आधी लावायचे, विर्तुती मिलितारी, मग क्शिश वालेचनिख म्हणजे शौर्याचा क्रॉस, आणि ब्रिटिश पदकं त्यानंतर. फोटोत तो क्रम दिसला की माणूस पोलिश दलातला हे ओळखता येतं. उलट दिशेनंही देवाणघेवाण झाली, ३०३ चे ब्रिटिश प्रमुख केलेट आणि मूळचा कॅनडाचा जॉन केंट यांना विर्तुती मिलितारी मिळालं. केंटला तर पोरं "केंटोव्स्की" म्हणायची.

पोलिश महिला वैमानिक होत्या का?

होत्या, तिघी, आन्ना लेस्का, स्तेफानिया वोयतुलानिस आणि पोलंडचे नेते मार्शल पिल्सुडस्की यांची मुलगी यादविगा. कारखान्यातून तळावर विमानं पोचवणाऱ्या एटीएमध्ये होत्या, बिनहत्यारी, बऱ्याचदा रेडिओ न वापरता. ती संघटना नागरी, म्हणून डीएफसीचा प्रश्नच आला नाही. जमिनीवरच्या मेकॅनिकांचंही तेच, रात्रभर जागून विमानं उभी केली पण उडण्याची पदकं त्यांच्यासाठी नव्हतीच.

१९४६ च्या विजयसंचलनात पोलिश वैमानिक होते का?

नव्हते. ब्रिटिश सरकारनं तोपर्यंत वॉर्सातल्या कम्युनिस्ट सरकारला मान्यता दिलेली होती आणि आमंत्रण त्यांना गेलं, ते आलेच नाहीत. लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारकडून लढलेल्या सैन्याला बोलावणं नाही, फक्त ब्रिटनच्या लढाईतल्या २५ वैमानिकांना आरएएफबरोबर चालायला बोलावलं. बाकीच्यांना वगळून आम्ही येणार नाही म्हणून त्यांनी नकार दिला. मला हा नकार कुठल्याही डीएफसीइतकाच मोठा वाटतो.

कोल्हापूरच्या पोलिश लोकांचा या वैमानिकांशी संबंध आहे का?

थेट पदकांचा नाही, माणसांचा आहे. वळिवड्याला १९४३ ते १९४८ मध्ये साधारण पाच हजार पोलिश बायका, मुलं, म्हातारी माणसं राहिली. सोव्हिएतांनी त्यांना सायबेरियात वगैरे हाकललं होतं, तिथून १९४२ मध्ये इराणमार्गे बाहेर पडली. त्यांच्याच बरोबर बाहेर पडलेले पुरुष जनरल आंदर्सच्या पोलिश सैन्यात गेले, आणि त्यातली काही तरुण मंडळी ब्रिटनला जाऊन पोलिश एअर फोर्समध्ये भरती झाली. कोल्हापूरच्या महावीर गार्डनमध्ये या लोकांचं स्मारक आहे, आणि वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं.

ही नावं मराठीत लिहायची कशी?

मराठी माणसाला हे इंग्रजांपेक्षा सोपं जातं, खरंच. पोलिश "सी" म्हणजे आपला "चांगला"तला च, आणि "सीझेड" म्हणजे "चहा"तला च. दोन्ही च आपल्या तोंडात आहेतच, फक्त लिहिताना फरक दिसावा म्हणून पहिल्याला "त्स" लिहा. तिरपी रेघ मारलेला एल म्हणजे व, म्हणून ग्लोवाकी लिहू नका, ग्वोवात्स्की लिहा. "डब्ल्यू" म्हणजे व, "जे" म्हणजे य.

एखाद्या वैमानिकाची माहिती शोधायची तर कुठून सुरुवात करू?

"लिस्ता क्शिस्त्का" नावाची ऑनलाइन यादी आहे, ब्रिटनमधल्या पोलिश एअर फोर्सच्या लोकांची, हुद्दा, सर्व्हिस नंबर सगळं मिळतं. अधिकाऱ्यांचा नंबर "पी"नं सुरू होतो, बाकीच्यांचा नुसता आकडा. मग सिकोर्स्की संग्रहालय आणि लंडनमधल्या क्यू भागातलं नॅशनल आर्काइव्ह्ज (ब्रिटनचं सरकारी दप्तरखाना). नॉर्थोल्टचं स्मारक २ नोव्हेंबर १९४८ ला उघडलं, पण त्यावर सगळ्या मृतांची नावं मूळ दगडात मावली नव्हती, पुष्कळ नंतर जोडली गेली, त्यामुळे मागची बाजूही बघा.

जुन्या बाजारात पोलिश वैमानिकाचं म्हणून डीएफसी विकायला आहे, घेऊ का?

सांभाळून. दुसऱ्या महायुद्धातल्या डीएफसीवर मागच्या बाजूला फक्त साल कोरलेलं असतं, माणसाचं नाव नसतं, त्यामुळे कुठलंही डीएफसी घेऊन शेजारी एक फोटो आणि विर्तुती मिलितारी ठेवली की "पोलिश सेट" तयार होतो. कागद, लॉगबुक, घरच्यांचं पत्र असं काही सोबत नसेल तर ते नुसतं डीएफसी आहे असं धरूनच पैसे द्या. डीएफएमच्या कडेवर मात्र साधारणपणे नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं.

घरात असं मेडल सापडलं तर पॉलिश करू का?

अजिबात नको. ब्रासो नको, टूथपेस्ट नको, चिंच तर नकोच. रिबन मळकी असली तरी बदलू नका, कोरड्या मऊ कपड्यात गुंडाळून ठेवा आणि कोणाकडून कसं आलं ते कागदावर लिहून सोबत ठेवा. डीएफएमच्या कडेवरची अक्षरं फार उथळ कोरलेली असतात, चार वेळा घासलं की आधी नंबर जातो, आणि मग नाव.